जेवताना हिंदी बोलायचं नाही

मला खोडी फार. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या नसतील तर दुसऱ्याच्या घरीसुद्धा मी वाकून त्या फिरवतो. वर्तमानपत्र माझ्याआधी कोणी उघडलं की माझा सगळा दिवस वाया जातो. चहा बशीत ओतून पिणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसतो आणि कपाने पिणाऱ्याला मी थोडं जोखून घेतो. सगळी नोकरी लोकनिर्माण विभागात नकाशे काढण्यात गेली. दिवसभर सरळ रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी ग्वाल्हेरातल्या थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन घरच्यांना सरळ करायचं, असा माझा कार्यक्रम असे.

या खोडींना मी तत्त्वज्ञान म्हणत असे. भांडण झालं की आधी चहा टाकावा आणि चहानंतर उरलं तरच भांडावं. पाहुणा उठला की ‘बसा हो’ दोनदा म्हणावं, तिसऱ्यांदा म्हणू नये, कारण तिसऱ्यांदा तो खरंच बसतो. नातेवाईक आणि औषधाची बाटली हाताशी असावी, डोळ्यांसमोर नसावी. आमच्या मराठी मंडळात गणपतीत दरवर्षी मला दहा मिनिटं देत असत, सुखाने जगण्याच्या युक्त्या सांगायला. लोक हसायचे. मी खूश होऊन घरी यायचो आणि येताच कोणाच्या तरी चपलांवरून आरडाओरडा करायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

या सगळ्या नियमांत मला अभिमान होता तो एका नियमाचा. जेवताना हिंदी बोलायचं नाही. आज मला तो नियम नुसता आठवला तरी घास उतरत नाही. माझी बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्या जाण्यात या नियमाचा हात होता, म्हणजे माझाच होता. ही गोष्ट मुलीला सांगायची की नाही, हा धोंडा मी वर्षभर छातीवर घेऊन हिंडलो.

नियम कसा आला ते आधी सांगतो. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. पणजोबांच्या पणजोबांनी कधी तरी दख्खन सोडली आणि ते दरबारात लिखापढी करायला इथे आले. घरात मराठी राहिली, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दूधवाला हिंदी, शाळा हिंदी, ऑफिस हिंदी, शेजार हिंदी. मुलगी पहिलीत होती तेव्हा एक दिवस जेवताना म्हणाली, “मम्मी, थोड़ा नमक दो ना.” मम्मी! माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी फर्मान काढलं. बाहेर काय बोलायचं ते बोला, पानावर बसलं की मराठीच. जो हिंदी शब्द बोलेल त्याने सगळ्यांची उष्टी काढायची आणि फरशी पुसायची.

कोणी चुकलं की मी तोंडातला घास न गिळताच उजव्या हाताचं बोट वर करायचो आणि म्हणायचो, “मराठीत!” बोटाला वरण लागलेलं असायचं. मुलगी खिदळायची. पुढे पुढे ती माझी हुबेहूब नक्कल करायला लागली, तोच घोगरा आवाज, तेच वर केलेलं बोट. घरी आलेल्या मैत्रिणींपुढे तिचा हा हुकमी प्रयोग असे.

बायकोचं माहेर मुरारचं, म्हणजे इथल्या जुन्या लष्करी छावणीचं. तेही मराठी, पण शिपाईगड्यांचं घराणं. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत मुरलेली. ती आकडे हिंदीत मोजायची, देवाला नवस हिंदीत बोलायची, घाबरली की हिंदीत घाबरायची. मी टोकलं की म्हणायची, “तुमच्याकडे पोथ्या होत्या, आमच्याकडे तलवारी. भाषा जपायला आम्हाला फुरसत कुठे होती?” मी हसायचो. नियम मात्र सोडायचो नाही. इतक्या वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा तीच हरली. खरं सांगायचं तर नियम असो वा नसो, उष्टी तीच काढत होती. नियमामुळे मला तिच्याकडे बघून हसायची सोय झाली एवढंच.

निवृत्तीनंतर आम्ही दर्पण कॉलनीत स्वतःच्या घरात राहायला आलो. मुलगी तोवर पुण्यात नोकरीला लागली होती आणि तिथेच लग्न करून राहिली होती. जावई कानपूरचा, सालस मुलगा. त्यांच्या घरात सगळा कारभार हिंदीतच चालतो. इथे जेवायला आम्ही दोघंच. दोघांत कसला नियम आणि कसली शिक्षा? पण मी तो चालूच ठेवला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी गेली, पण मेलं दुसरंच माणूस.

तो दिवस नौतपाचा. जेठातल्या ज्या नऊ दिवसांत सूर्य ग्वाल्हेर भाजून काढतो, त्यांना इथे नौतपा म्हणतात. अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सकाळपासून ती जरा मंदच होती. भाजी निवडता निवडता दोनदा थांबली होती, ते मी पाहिलं होतं. उन्हाने सगळेच मंद होतात, असं मी मनाशी म्हटलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.

एक वाजता जेवायला बसलो. वरणभात, भेंडीची भाजी, कैरीचं ताजं लोणचं. तिने भात कालवला, पण घास घेतला नाही. हात ताटातच ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली,

“सुनिए, जी घबरा रहा है.”

मी बोट वर केलं. तोंडात घास होता. म्हटलं, “मराठीत!”

ती हसली. हे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी सांगत नाही, ती खरंच हसली. कपाळावर घाम होता, तो पदराने टिपला आणि म्हणाली, “काही नाही. उकडतंय फार.” ते मराठीत होतं. मी तिला म्हटलं, पन्हं करून घे. तिने दोन घास कसेबसे खाल्ले. मग उठली, माझं ताट उचललं, स्वतःचं उचललं आणि ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला खाली बसली. मी चूळ भरून येईपर्यंत तिची फरशी पुसून झाली होती. पुसताना एका हाताने तिने खुर्चीचा पाय धरला होता, तेही मला आठवतं. मी जाऊन कूलरपुढे आडवा झालो.

चार वाजता चहाची हाक आली नाही म्हणून मी उठलो. ती स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली भिंतीला टेकून बसली होती. अंग गार पडलं होतं. नौतपात, त्या भट्टीसारख्या स्वयंपाकघरात, तिचा हात गार होता. शेजाऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, भला होता, त्याला जे करता येत होतं ते त्याने केलं. बाहेर येऊन मला म्हणाला, “अंकल, ये दोपहर से चल रहा होगा. घबराहट, पसीना, कुछ बताया नहीं इन्होंने?”

मी म्हटलं, “नहीं. कुछ नहीं बोलीं.”

एकदा तोंडातून निघालं आणि तेच कायम झालं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. काही बोलली नाही हो, हसत हसत गेली. लोक म्हणाले, पुण्यवान होती, त्रास न होता सुटली. मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचली. तिने पहिला प्रश्न तोच विचारला. “आईला त्रास नाही ना झाला? काही म्हणाली होती का तुम्हाला?” मी म्हटलं, नाही गं. पुढे पुण्याहून दर आठवड्याला फोन यायचा आणि फिरून फिरून ती तिथेच यायची. त्या दिवशी आई जेवताना काही म्हणाली का? दुपारी काही बोलली का? मला वाटायचं, पोरीला दिलासा हवा आहे. मी दिलासा देत राहिलो.

त्या वर्षी गणपतीत मंडळाचे चिटणीस घरी आले. म्हणाले, तुमची दहा मिनिटं तुमचीच आहेत, जीव रमेल. मी गेलो. माईक हातात आला आणि तोंडाने जुनाच पाठ सुरू केला. चपला झाल्या, पाहुणा झाला आणि मग सवयीने जेवणाच्या नियमावर आलो. लोक हसले. मीही बोट वर करून दाखवलं. बोट वर होतं आणि मला तिचा ताटातला हात दिसला, कालवलेल्या भातात तसाच ठेवलेला. पुढचं काय बोललो ते आठवत नाही. खाली उतरलो तर एक बाई दोन लहान मुलांना घेऊन आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “काका, फार छान. आजपासून आमच्याकडे पण हाच नियम.” मी त्यांच्यावर ओरडलो. “नका! काहीही करा, हे नका करू!” मुलं घाबरून आईच्या मागे लपली. मंडळात बोभाटा झाला की काकांचं डोकं ठिकाणावर नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण त्यानंतर मी तिथे गेलो नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी आणि जावई आले. मुलगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर जावई माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “पापाजी, ये सोती नहीं है. सालभर हो गया. रात को उठके बैठ जाती है. पूछो तो कुछ बताती नहीं. डॉक्टर ने गोली दी है, उससे भी नहीं.” मला वाटलं, तिला संशय आला आहे. बाप काही तरी लपवतो आहे हे तिला कळलं आहे आणि ते तिला झोपू देत नाही. तेव्हा मी ठरवलं, सांगून टाकायचं. मग ती मला काय म्हणेल ते म्हणो. पोरगी झोपली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. गुरुजी गेले, नातेवाईक जेवून गेले. जावई कोणाला तरी स्टेशनवर सोडायला गेला. शेवटच्या पंगतीला मी आणि मुलगी उरलो. ती अडखळत, शब्द शोधत मराठीत बोलत होती, “बाबा, तुम्ही खीर अजून घ्या,” असं काहीबाही. माझ्यासाठी बिचारी नियम पाळत होती.

मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तुझी आई जेवताना मला म्हणाली होती, जी घबरा रहा है.”

तिचा हात थांबला.

“आणि मी तिला म्हटलं, मराठीत. बोट वर करून.”

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, ती सहा वर्षांची होती तेव्हा पडल्यावर व्हायचा तसा.

“बाबा, आईने मला फोन केला था,” ती म्हणाली. “ढाई बजे. मैं लंच पे थी, सगळे होते टेबलवर. आई म्हणाली, बेटा, जी बहुत घबरा रहा है, पापा सो रहे हैं. और मैंने... मैंने आपकी आवाज़ निकाली, बाबा. मज़ाक में. फोनवर कुणाला दिसतंय? तरी मी बोट पण वर केलं. मी म्हटलं, मराठीत!”

“मग?”

“आई हँसी. म्हणाली, तू पण त्यांच्यावरच गेलीस. फिर बोली, खाना खा ले. बस. फोन रख दिया.”

हे मला ठाऊक नव्हतं. बायकोचा फोन मी कधी उघडला नव्हता, तो उघडायचा कसा तेही मला माहीत नव्हतं. म्हणजे वर्षभर मुलगी जे विचारत होती ते दिलाशासाठी नव्हतं. आईने त्या फोनबद्दल मला काही सांगितलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आणि मी तिला प्रत्येक वेळी सांगत होतो, काही बोलली नाही. म्हणजे आई फक्त तिच्याशीच बोलली होती आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं, असं तिने मनाशी धरलं होतं. माझ्या एका खोट्याने मी स्वतःचं पाप जसंच्या तसं तिच्या पदरात टाकलं होतं आणि ते घेऊन ती वर्षभर रात्री उठून बसत होती.

इथे एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. तिचं ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं. मी एकटा नव्हतो. पोटची पोर समोर रडते आहे आणि बापाला हायसं वाटतं आहे! असा माणूस मी. ते हायसं वाटणं घासभरच टिकलं, पण वाटलं हे खरं.

ती रडत म्हणत होती, “मैंने ध्यान दिया होता तो, मी तुम्हाला फोन करून उठवलं असतं तो...” मी तिला म्हणू शकलो असतो की चूक तुझी नाही, नियम माझा, तू लहानपणी शिकलीस ते बोललीस. पण ते तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? वर्षभर तिने ते स्वतःला शंभरदा सांगितलं असेल. तेवढ्याने झोप येत असती तर आली असती. मला दुसरं काही सुचेना. आणि मग सुचलं.

मी म्हटलं, “तुझा फोन झाल्यावर तिने मला उठवलं होतं.”

ती रडता रडता थांबली. “उठवलं होतं?”

“हो. हलवून उठवलं. म्हणाली, अहो, छातीत फार दुखतंय, मला दवाखान्यात न्या. स्वच्छ मराठीत म्हणाली.”

“फिर?”

“मी म्हटलं, ऊन उतरू दे. चारला बघू. आणि कूस बदलली.”

तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेतून मी हळूहळू उतरत होतो आणि मला ते उतरणं दिसत होतं.

“आई ने बोला, और आप सो गए,” ती म्हणाली.

“हो.”

ती ताट तसंच टाकून उठली. हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. उष्टी मी काढली.

खरं म्हणजे बायकोने मला उठवलं नव्हतं. मुलीच्या फोननंतर तिने काय केलं, ती उभी होती की बसली, कोणाला हाक मारली का, हे मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. कूलरच्या घरघरीत हाक मारली असती तरी मला ऐकू आली नसती. तरी मी सांगितलेली गोष्ट इतकी माझ्या स्वभावाला धरून होती की मुलीने त्यावर एक प्रश्नही विचारला नाही. आयुष्यभर लोकांना सुखाने जगण्याच्या युक्त्या सांगितल्या, त्यांतली एवढी एकच लागू पडली.

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. निघताना तिने नमस्कार केला, पण माझा हात डोक्यावर टेकायच्या आत ती उठली होती. आता तिचा फोन रविवारी येतो, दोन मिनिटं. दवाई ली? खाना खाया? ठीक है. सगळं हिंदीत. मी हिंदीतच उत्तरं देतो. आवाजात राग आहे, पण आवाज दमलेला नाही. मागच्या महिन्यात जावयाने वेगळा फोन केला. आधी माझ्या तब्येतीचं विचारलं, मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, “पापाजी, आपसे नाराज़ है, पता नहीं क्या बात हुई. पर अब सोती है. सुबह उठाना पड़ता है.” मी म्हटलं, सोने दो बेटा, सोने दो.

हे सगळं इथे लिहिताना मला एक भीती वाटायला हवी होती, की तिने कधी वाचलं तर? पण ती वाचणार नाही. अक्षरं तीच असली तरी मराठी मजकूर ती वाचत नाही. चार ओळींत तिचा जीव कंटाळतो, पुण्यात इतकी वर्षं काढूनही. लहानपणी तिला वाचायला बसवायचं राहूनच गेलं. जेवणापुरती मराठी बोलली की मला पुरत असे.